मधल्या नळ्या

नागपूरच्या व्यापाऱ्यानं तिखुराचं पोतं परत पाठवलं, तेव्हा चिचगडच्या बचत गटातल्या बायकांना आधी वाटलं, ट्रान्सपोर्टवाल्याचीच काही चूक झाली असेल. पण पोत्याच्या तोंडाशी सुतळीत एक चिठ्ठी अडकवलेली होती. गटाच्या अध्यक्ष रुख्माबाईंनी ती दोनदा वाचली आणि मग मोठ्यानं वाचून दाखवली. मालात साखर सापडली आहे, ग्लुकोज पावडर मिसळल्याचा संशय आहे, पुढचा माल घेणार नाही.

तिखूर म्हणजे जंगलातल्या हळदीसारख्या कंदांचं सत्त्व. थंडीत कंद खणून आणायचे, धुऊन पाट्यावर वाटायचे, लुगड्याच्या फडक्यातून पाण्यात गाळायचे आणि टबात ठेवून द्यायचे. पांढरा गाळ खाली बसतो. रोज वरचं पाणी ओतून नवं घालायचं, पाच-सात दिवस. कडूपणा गेला की गाळ खाटेवर कापड टाकून उन्हात वाळवायचा. उपासाच्या खिरीला, लहान लेकरांना, उन्हाळ्यात थंड म्हणून लोक ते घेतात. गटाच्या अकरा बायका तीन वर्षांपासून हे करत होत्या आणि आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं.

२००९ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. त्या वर्षीचा माल सुमित्राबाईच्या अंगणात वाळला होता. तिच्या नवऱ्याचं, छोटेलालचं, किराण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या फळीवर ग्लुकोजचे हिरवे डबे ओळीनं लावलेले असायचे. संशय तिच्यावर जायला तेवढं पुरलं. बाजाराच्या दिवशी सहा-सात बायका दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बोलली ती दुर्गाबाई. पाणी बदलायचं काम तिच्याकडे असायचं, गटात तिच्या शब्दाला वजन होतं.

"वजन वाढवाले तुनंच मिसळवलं, सुमित्रा. दुसऱ्या कोनाच्या घरी हाये ग्लुकोज?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. सुमित्राबाई काट्यावर गूळ तोलत होती. तिनं गुळाचा खडा हातातच धरून ठेवला.

"मी नाई केलं," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा हळू, "मी कायले करीन?"

बायका वळून निघून गेल्या. त्या दिवसापासून तिला गटाच्या बैठकीला बोलावणं बंद झालं.

दुर्गाबाईची मुलगी समीक्षा रामटेके गोंदियाच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची आणि फुलचूरला खोली करून राहायची. तीन आठवड्यांनी आई तिच्याकडे आली ती पिशवीत अर्धा किलो तिखूर घेऊन.

"तुह्या कॉलेजात तपासनी होते ना? मले लिहून पायजे. सही-शिक्क्यासंग. ग्लुकोज मिसळवलं म्हनून."

"तपासल्यावर जे निघन ते लिहीन," समीक्षा म्हणाली.

"तेच निघन. तू तपास तर."

दुसऱ्या दिवशी दोघी प्रयोगशाळेत गेल्या. परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या, वर्ग रिकामे होते. प्रयोगशाळेतले परिचर बिसरामभाऊ यांनी दुर्गाबाईला खिडकीजवळ स्टूल दिलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. या माणसाची त्या खोलीत सव्वीस वर्षं गेली होती. कुठल्या नळाला कधी पाणी येतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

समीक्षानं चिमूटभर तिखूर पाण्यात ढवळलं, गाळलं, त्यात निळं बेनेडिक्टचं द्रावण टाकून परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरली. निळा रंग हिरवट झाला, मग पिवळा, आणि शेवटी तळाशी विटकरी गाळ बसला.

"साखर हाये," ती म्हणाली.

"मी का सांगत होती!" दुर्गाबाई स्टुलावरून उठली. "लिही मंग."

"थांब आई. साखर हाये एवढंच याच्यातून कळते. ती कुठून आली ते नाई कळत."

"दुकानातून आली. आनखीन कुठून येनार?"

समीक्षानं नळी स्टँडला लावून ठेवली. एम.एस्सी. करताना तिनं मोड आलेल्या धान्यावर काम केलं होतं. पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च, ही साखरेच्याच कणांची लांबलचक साखळी असते. ओल मिळाली, ऊब मिळाली की ती तुटायला लागते. तुटत तुटत शेवटी साखर होते. वरून मिसळलेली साखर आणि आतून तुटून झालेली साखर बेनेडिक्टच्या नळीत एकसारखीच विटकरी दिसणार. फरक दिसायला हवा असेल तर तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करून पाहायला हवे होते.

कपाटात त्यासाठी लागणाऱ्या जेलची अर्धी बाटली होती. विभागाला तीन वर्षांपूर्वी मिळालेली, जपून वापरलेली. समीक्षानं ती काढली तेव्हा बिसरामभाऊंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"गावाचं काम हाये, भाऊ."

"मग मी भरतो कॉलम," ते म्हणाले. "तुमच्या हातानं बुडबुडे राहतात."

ते खरंच होतं. बिसरामभाऊंनी फुगवलेलं जेल काचेच्या उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, एका धारेत, न थांबता ओतलं आणि ते बसेपर्यंत कोणाला टेबलाला हात लावू दिला नाही. दुर्गाबाई पाहत होती.

"हे तर आमच्या टबातल्या तिखुरावानीच बसून राहिलं," ती म्हणाली.

"तसंच आहे बाई. घाई केली की बिघडते."

दुपारी वीज गेली. त्या दिवसांत ती रोजच जायची, चार-पाच तास. पण नळीतून थेंब पडायला वीज लागत नव्हती. समीक्षानं वाट पाहता पाहता आईला समजावून सांगितलं. जेल म्हणजे बारीक बारीक मणी, आणि प्रत्येक मण्याला अतिशय लहान भोकं. वरून तिखुराचं पाणी सोडलं की मोठ्या साखळ्या त्या भोकांत शिरू शकत नाहीत, त्या मण्यांच्या मधून सरळ खाली येतात. लहान साखर मात्र भोकाभोकात शिरत, निघत, पुन्हा शिरत येते.

"म्हंजे मोठं पयले आन लहान मांगून?" आईला ते पटेना. "चाळनीत तर उलटं होते. बारीक पयले पडते."

"हे चाळनीसारखं नाई. आपल्या बाजारात कसं होते? बैलबंडी शिरली तर सरळ रस्त्यानं पार निघून जाते, तिले गल्लीत वळताच येत नाई. आन लेकरू सोडलं तर?"

"ते पाच दुकानात शिरन," दुर्गाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "हां."

समीक्षानं तीन वेळा कॉलम चालवायचं ठरवलं होतं. पहिला नमुना गेल्या वर्षीच्या तिखुराचा, तिच्याच डब्यातला, चांगला. दुसरा त्याच चांगल्या तिखुरात तिनं स्वतः ग्लुकोज पावडर मिसळून केलेला. आणि तिसरा परत आलेल्या पोत्यातला. प्रत्येक वेळी खालून पडणारं पाणी थोडं थोडं करून तीस नळ्यांत घ्यायचं. एका खेपेला दोन तास लागत. बिसरामभाऊ थेंब मोजत आणि नळी बदलत, समीक्षा नंबर टाकत होती. दोन नमुन्यांत पहिला दिवस संपला, तिसरा दुसऱ्या दिवसावर गेला.

मग प्रत्येक नळीतलं पाणी दोन भागांत वाटलं. एका भागात आयोडीनचा थेंब. लांब साखळी असेल तर निळा रंग येतो, तुटलेली असेल तर जांभळा किंवा तांबूस, आणि फारच लहान तुकडे असतील तर काहीच नाही. दुसऱ्या भागात फिनॉल आणि ॲसिड. साखळी असो की सुटी साखर, जिथं काही असेल तिथं नारिंगी रंग येणार.

तीनही नमुन्यांच्या नळ्या खिडकीखाली तीन रांगांत लावल्या. वीज तेव्हाही नव्हती. रंग मोजायचं यंत्र बंद होतं, पण मोजायची गरजच नव्हती.

"ही पयली रांग पाय. आपलं चांगलं तिखूर. सुरुवातीच्या नळ्या निळ्या. मंग पुढं काहीच नाई."

दुर्गाबाईनं मान हलवली.

"दुसरी. याच्यात मीच ग्लुकोज टाकलं होतं. सुरुवातीले निळं, शेवटी हे नारिंगी. मधात?"

"मधात कोरं हाये."

"आता आपलं पोतं."

तिसऱ्या रांगेत मधल्या नळ्या कोऱ्या नव्हत्या. आयोडीनच्या भागात निळ्यानंतर जांभळा, मग वांग्याच्या सालीसारखा, मग तांबूस, असा रंग उतरत गेला होता. नारिंगीच्या भागातही सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेच खंड नव्हता. शेवटच्या नळ्यांत नारिंगी होतं, पण दुसऱ्या रांगेइतकं गडद नाही.

"ग्लुकोज मिसळवलं असतं तर मधात हे आलं नसतं," समीक्षा म्हणाली. "दुकानातलं ग्लुकोज एकाच मापाचं असते. हे लहान-मोठे सगळ्या मापाचे तुकडे हायेत. तिखूर आपल्या आपन तुटलं, आई."

दुर्गाबाई रांगांकडे पाहत राहिली.

"दोन्ही नाई होऊ शकत? तुटलं बी आन तिनं मिसळवलं बी?"

आई कशाला धरून राहिली आहे ते समीक्षाला दिसत होतं. तिनं ठरवलं, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं.

"चिमूटभर कोनी टाकलं असन तर मी नाई ओळखू शकत. पन वजन वाढवाले चिमूटभर कोनी टाकत नाई. आन शेवटच्या नळीत जेवढी साखर हाये तेवढी तुटून तुटूनच येते. सुमित्राकाकूनं मिसळवलं असं म्हनाले याच्यात काहीच नाई."

बिसरामभाऊ रिकाम्या नळ्या धुवायला नळाकडे गेले. दुर्गाबाई तिसऱ्या रांगेजवळ वाकली. मग तिनं विचारलं, "किती दिवस पानी नाई बदलवलं तं असं होते?"

"दोन-चार दिवस. उबट, ढगाळ हवा असली तर लवकर. काऊन?"

"फेब्रुवारीत तुले टायफाईड झाला होता," आई म्हणाली. "मी चार रोज अठीच होती."

समीक्षाला ते दिवस नीट आठवत नव्हते. ताप, कपाळावरची ओली पट्टी आणि आईचा हात एवढंच आठवत होतं. आई एसटीनं धावत आली होती. टबांत तिखूर बसवलेलं होतं. जाताना तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं होतं एका दिवसात परत येऊ.

"गेली तं टबावर फेस होता. आंबूस वास येत होता. ढग बी होते चार-पाच रोज. मी पानी फेकलं, दोनदा धुतलं, वास गेला. वाळलं तं पांढरं दिसलं. मले वाटलं झालं ठीक." ती थांबली. "साखर होते हे मले मालूम नव्हतं, समीक्षा. खरंच नव्हतं. पन पानी नाई बदलवलं हे तं मालूम होतं. आन मी सुमित्राच्या दुकानात जाऊन बोलली."

समीक्षानं हात पुढे केला, पण आईनं तो धरला नाही. खिडकीबाहेर मैदानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

संध्याकाळी फुलचूरच्या खोलीवर समीक्षा कागद घेऊन बसली. काय केलं आणि काय दिसलं, ते तिनं लिहिलं. मालात बाहेरून ग्लुकोज मिसळल्याचं आढळलं नाही. स्टार्चचं विघटन झालेलं आहे. इथवर लिहून ती थांबली. विघटन का झालं हे लिहायचं तिच्यावर बंधन नव्हतं. कॉलमनं ते सांगितलंही नव्हतं, ते आईनं सांगितलं होतं. एवढ्या कागदानंही सुमित्राबाई सुटत होती. ढगाळ हवामानावर सगळं ढकलता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"इथपर्यंतच लिहितो मी," तिनं आईला वाचून दाखवलं. "पुढचं तू ठरव."

दुर्गाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "माह्यासाठी काही लपवून राहिली का?"

"नाई. जे नळ्यांत दिसलं ते लिहिलं."

"ठीक हाये मंग. ठेव कागद."

थोड्या वेळानं समीक्षा म्हणाली, "मी बिमार नसती पडली तर..."

"तू गप बस," आई म्हणाली. "मी कोनाले तरी सांगून येवाचं होतं. रुख्मा घरीच होती. दहा पावलावर."

रविवारी दोघी आमगाव, देवरी करत चिचगडला गेल्या. अंगणवाडीच्या खोलीत बैठक झाली. समीक्षानं कागद वाचला. खोक्यात कापूस घालून तिनं तिसऱ्या रांगेच्या सहा नळ्या बरोबर आणल्या होत्या. रंग थोडे फिके पडले होते, पण उतरत गेलेला जांभळा अजून दिसत होता. बायकांनी त्या हातोहात पाहिल्या.

"म्हंजे ढगांनं झालं," रुख्माबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. "कोनाचीच गलती नाई."

"माही हाये," दुर्गाबाई म्हणाली.

ती उठून उभी राहिली आणि प्रयोगशाळेत सांगितलं होतं तेच सगळं तिनं पुन्हा सांगितलं. चार दिवस, फेस, वास, दोनदा धुणं. मुलीच्या आजाराचं तिनं एकदाच सांगितलं आणि त्यावर थांबली नाही. मागून एका बाईनं म्हटलं, "पोरगी बिमार होती बाप्पा, कोन बी गेलं असतं," आणि दुर्गाबाई म्हणाली, "जाचं नव्हतं असं मी नाई म्हनून राहिली. सांगाचं होतं."

रुख्माबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तपासनी न करता आपन साऱ्या गेलो होतो तिच्या दुकानात. मी बी होती."

सगळ्या मिळून सुमित्राबाईच्या घरी गेल्या. ती अंगणात चिंच फोडत बसली होती. तिनं कोणाला बसा म्हटलं नाही. रुख्माबाईंनी कागद पुढे केला, तो तिनं घेतला, पूर्ण वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मले कायले दाखवून राहिल्या? मले तं पयलेच मालूम होतं."

"चुकलं सुमित्रा," दुर्गाबाई म्हणाली. "माहं चुकलं. गटात परत ये."

"घरी येऊन सांगून राहिली." सुमित्राबाईनं चिंचेचा चिंचोका बाजूला टाकला. "बोलली कुठं होती?"

"दुकानासमोर," दुर्गाबाई म्हणाली.

"एक महिना झाला, लोक माह्या दुकानात आटा घेतात तं बोटानं चाखून पायतात. मी पायतो अन् गप राहतो. गटाचं मंग पाहू. जठी बोलली तठीच बोल. बाजाराच्या दिवशी."

परत येताना रुख्माबाई म्हणाल्या की कागद दुकानाच्या दाराला चिकटवला तरी चालेल, बोलायची गरज नाही. बाकीच्यांनाही ते बरं वाटलं. दुर्गाबाई पुढे चालत राहिली.

समीक्षाला दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर व्हायचं होतं. तिनं बिसरामभाऊंना फोन केला आणि बाजाराच्या दिवसापर्यंत रजा टाकायला सांगितली. ते एवढंच म्हणाले, "जेल मी धुऊन ठेवलं आहे. पुन्हा वापरता येईल."

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर नेहमीची गर्दी होती. तेलाच्या बाटल्या, मिठाची पाकिटं, मोहफुलं घेऊन आलेल्या जंगलाकडच्या बायका. छोटेलाल गल्ल्यावर बसला होता, सुमित्राबाई काट्यावर. दुर्गाबाई एकटीच पुढे गेली. रुख्माबाई आणि बाकीच्या चार पावलं मागे उभ्या राहिल्या, आणि समीक्षा त्यांच्या मागे.

"मी दुर्गा रामटेके," ती म्हणाली. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, पण तिला सुरुवात कशी करावी हे सुचलं नसावं. "मांगच्या महिन्यात मी अठी उभी राहून सुमित्राले बोलली होती. तिखुरात ग्लुकोज मिसळवलं म्हनून. ते खोटं होतं. तपासनी झाली. कोनी काही मिसळवलं नाई. पानी बदलवाचं काम माहं होतं, ते मी नाई केलं, म्हनून माल खराब झाला. सुमित्राचा काही दोष नाई."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का म्हनते?" आणि दुर्गाबाईनं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला, पण शेवटपर्यंत गेला.

सुमित्राबाईनं काट्यावरची डाळ कागदाच्या पुड्यात ओतली, दोरा गुंडाळला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिली. मग तिनं फळीआडचं एक स्टूल पायानं बाहेर सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "उन्हात उभी हाय कवाची."

दुर्गाबाई बसली. गिऱ्हाइकं येत राहिली. अर्ध्या तासानं मिठाची गोणी संपली तेव्हा दुर्गाबाईनं उठून, कोणी न सांगता, दुसऱ्या गोणीचं तोंड उसवायला घेतलं. सुमित्राबाईनं तिला सुरी दिली.

खराब माल नागपूरला गेला नाही तो नाहीच. बायकांनी तो आपसात वाटून घेतला आणि घरी खिरीत वापरला. थोडा गोड लागतो म्हणून लेकरांना तो आवडला, असं समीक्षाला नंतर कळलं. व्यापाऱ्यानं कागदाचं उत्तर पाठवलं नाही. पुढच्या वर्षी गटानं भंडाऱ्याचा एक दुकानदार शोधला. सुमित्राबाई त्या हंगामात गटात आली नाही. तिनं सांगितलं की अजून मन होत नाही. त्याच्या पुढच्या डिसेंबरात, कंद खणायला बायका निघाल्या तेव्हा ती कुदळ घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि पाणी बदलण्याची पाळी आता दोघींची राहील, एकीची नाही, एवढं तिनं सांगून टाकलं.

"एक माहं नाव लिहा," ती म्हणाली. "आन दुसरं दुर्गाचं."